डॅरिलची तालीम

डॅरिल हॉलच्या दारात यायच्या आधी त्याच्या मलमाचा वास यायचा. कापूर, निलगिरी आणि त्याखाली दबलेला जुना घाम. खांद्यांना, गुडघ्यांना, मानेला तो ते मलम इतकं फासायचा की त्याने हात लावलेली दाराची कडी दिवसभर बुळबुळीत राहायची. आजही आपोटेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, रांगेत उभी असताना कुणी शेजारी तसली ट्यूब उघडून हुंगली की मी रांग सोडून बाहेर येते. माझ्या मुलीला याचं हसू येतं. मी मराठीत चिडते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, की ममा, ते नुसतं मलम आहे. तिचं बरोबर आहे. पण डॅरिल आठवला की मला पहिला तो वासच आठवतो, चेहरा नंतर येतो, आणि चेहराही काही फार सुखाचा नव्हता.

डॅरिल अमेरिकन होता आणि व्यवसायाने रेसलर. म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती, जिच्यात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं आणि तरीही माणसं खरोखरच आपटतात. मी भेटले तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेनच्या शेजारच्या गावात, टायरच्या दुकानामागच्या एका हॉलमध्ये मुलामुलींना शिकवायचा. तिथे मी दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांबद्दल मी आजवर नातेवाइकांत "मी तेव्हा थोडं स्पोर्ट्स करायचे" एवढंच सांगत आले आहे.

आम्ही चिंचवडहून जर्मनीला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा इंजिनियर, त्यांची कंपनी गेर्लिंगेनलाच, घरापासून पायी वीस मिनिटं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या घरात आवाज करायला बंदी होती. कुणी तसं तोंडावर म्हणालं नव्हतं, पण खालच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात हाउसओर्डनुंगचा, म्हणजे इमारतीच्या नियमांचा, कागद दारात सरकवला होता, आणि आईने तो बाबांकडून शब्दन् शब्द समजावून घेतला होता. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी पूर्ण शांतता. त्यामुळे रविवारची चटणी शनिवारीच मिक्सरमधून निघायची. कुकरची पहिली शिट्टी यायच्या बेतात आली, नुसता फुस्स आवाज सुरू झाला, की आई धावत जाऊन तो शेगडीवरून बाजूला करायची, आणि मग डाळ कधी धड शिजायची नाही. घरात आम्ही सगळे मोजे घालून टाचा उचलून चालायचो. दर दुसऱ्या आठवड्याला आमच्या दारावर केअरवोखंची पाटी लटकायची, म्हणजे जिना झाडायची पाळी आमची. आई बँकेतली नोकरी सोडून आलेली बाई, ती गुडघ्यांवर बसून पायऱ्या पुसायची, आणि खालच्या बाई नंतर कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या. मला त्या बोटाचा इतका राग यायचा की पुसलेल्या जिन्यावर मी मुद्दाम बूट आपटत उतरायचे. तेवढाच आवाज.

वर्गात माझ्या शेजारी सांद्रा बसायची. उंच, रुंद खांद्यांची, सतत काहीतरी खाणारी, आणि माझ्या मोडक्या जर्मनला न हसणारी एकटी. एके दिवशी ती मला डॅरिलच्या हॉलवर घेऊन गेली. तिथली रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि मळकट कॅनव्हास. सांद्रा दोरांवरून चढली आणि पाठीवर सपाट पडली. असा आवाज झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आणि कुणी काही म्हणालं नाही. कुणी बोट फिरवायला आलं नाही. मी त्या आवाजासाठी तिथे राहिले, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं होतं की मला कुस्ती आवडली.

बाबा मूळचे सांगलीचे. तरुणपणी चार वर्षं तालमीत जायचे, लाल माती, पहाटेच्या जोरबैठका, सगळं केलेलं. रेसलिंगला ते "सोंग" म्हणायचे, पण "व्यायाम होतोय ना पोरीचा, जाऊ दे" म्हणून त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली.

डॅरिलची कारकीर्द आम्हाला तुकड्यातुकड्यांत ऐकायला मिळायची, बहुधा आम्ही धापा टाकत पडलेलो असताना. तो कुठल्याशा मक्याच्या प्रदेशातल्या खेड्यात वाढला. शाळेच्या जिमखान्यांत, जनावरांच्या बाजाराच्या शेडमध्ये कुस्त्या करत फिरला. मग त्याला टीव्ही मिळाला. चौदा महिने. तिथे तो "जेलर" होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून यायचा आणि हरलेल्याला बेड्या घालायचा. चौदा महिन्यांनी लोकांना जेलरचा कंटाळा आला आणि त्याला काढलं. मग तो जर्मनीत आला. तेव्हा इथे मोठ्या तंबूत आठवडेच्या आठवडे रोज कुस्त्या व्हायच्या. ते तंबू बंद पडले तोवर त्याने इथल्याच एका बाईशी लग्न केलं होतं, म्हणून राहिला. त्याचं कपाळ नांगरलेल्या वावरासारखं होतं, उभ्या आडव्या चरांनी भरलेलं. बोटाच्या चिकटपट्टीत ब्लेडचा तुकडा लपवायचा आणि ऐन कुस्तीत स्वतःच्याच कपाळावर ओढायचा, म्हणजे भळाभळा रक्त येतं आणि लोक उठून उभे राहतात, हे त्याने आम्हाला एकदा सविस्तर दाखवलं. एका चरात त्याने माझं बोट धरून घातलं. ते आत जात होतं. घरी येऊन मी ते बोट किती वेळा धुतलं असेल!

आईच्या आग्रहामुळे तो एकदा आमच्याकडे जेवायला आला. पोरीचे गुरुजी, त्यांना एकदा तरी जेवायला बोलवायला हवं, असं तिचं म्हणणं. तिने कोंबडीचा रस्सा केला होता, गावाहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, काकडीची कोशिंबीर. डॅरिल टेबलाशी बसला, तोंडात दोन बोटं घातली आणि पुढच्या चार दातांची कवळी काढून कोशिंबिरीच्या वाटीशेजारी ठेवली. "सॉरी, मॅम, हाडं खाताना अडते," म्हणाला. मग त्याने हाडं चोखली, फोडली, चघळली आणि चोथा टेबलक्लॉथवर रचला. आई वाढत होती आणि त्या कवळीकडे बघत नव्हती. बाबांनी विषय काढायचा म्हणून विचारलं, "टीव्हीवर तुमची निवड कशी झाली?"

"बॉबीमुळे," डॅरिल म्हणाला आणि हसला. "बॉबी म्हणून एक पोरगा होता. एकवीस वर्षांचा. माझा एक डाव होता, 'कुलूप'. समोरच्याला उलटा उचलायचा, त्याचं डोकं आपल्या मांड्यांमध्ये, आणि धपकन खाली बसायचं. एका शनिवारी बॉबीची मान गेली. कड्! पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आठवड्याभरात सगळीकडे बातमी, की डॅरिलचं कुलूप खरं आहे. महिन्याभरात टीव्हीवाल्यांचा फोन."

बाबांचा घास हातातच राहिला. "आणि तो मुलगा?"

"कोण?"

"बॉबी. त्याचं पुढे काय झालं?"

डॅरिलने खरोखर विचार केला. कपाळाचे चर एकत्र आले. "बोटी विकतो वाटतं. का त्याचा भाऊ विकतो. मॅम, हा रस्सा फँटास्टिक आहे."

तो गेल्यावर आईने टेबलक्लॉथ सरळ कचऱ्यात टाकला. जर्मनीत कचऱ्याचे चार डबे असतात, आणि कुठला कुठल्या डब्यात यावर एरवी ती पाच मिनिटं विचार करायची. त्या दिवशी तिने बघितलंही नाही. बाबा मला म्हणाले, "मृणू, या माणसाकडे जाऊ नकोस. आमच्या वस्तादांच्या हातून एकदा एकाचा खांदा निखळला, तर वस्ताद महिनाभर त्याच्या घरी दूध घेऊन जायचे. याला त्या पोराचं नावच तेवढं आठवतंय."

मी गेले. "बाबा, ती गोष्ट असते, रेसलर अशाच गोष्टी सांगतात," म्हटलं आणि गेले. कारण तोवर मी लोकांसमोर उतरायला लागले होते. मी होते "प्रिन्सेस कोब्रा". कपाळाला टिकलीच्या चौपट मोठं लाल गंध, आईची जुनी जरीची ओढणी कमरेला, गळ्यात रबरी नाग, आणि रिंगमध्ये येताना बीन वाजल्यासारखं काहीतरी संगीत. "तू काही बोलू नकोस, फक्त फूत्कार," डॅरिलने सांगितलं होतं. लोक मला बघून सापासारखं फिसफिसायचे. पहिल्या रांगेतला एक आजोबा दर वेळी बियरचा घोट भरून माझ्या अंगावर फवारायचा आणि त्याची नातवंडं टाळ्या पिटायची. हे मला आवडायचं. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण आवडायचं. शाळेत तीन वर्षं मी कुणाला दिसलेच नव्हते. इथे दोनशे माणसं माझा द्वेष करायला वेळेवर येऊन बसत होती.

दुर्घटना झाली त्या रविवारी दुपारी हॉल भरला होता. बाहेर वुर्स्ट, म्हणजे सॉसेज, भाजत होते, त्याचा चरबट धूर आत येत होता. माझी कुस्ती सांद्राशी. ती गावची लाडकी, मी नागीण. यावेळी शेवट कुलपाने करायचा, असं डॅरिलने ठरवलं होतं. आम्ही तो डाव गाद्यांवर पुष्कळ वेळा केला होता. त्यात खालच्या मुलीचं डोकं आणि फळ्या यांच्यात चार बोटं अंतर राहायला हवं, आणि ते सगळं वरच्या मुलीच्या पकडीवर असतं. सांद्राच्या मांड्या आखडल्या होत्या. रिंगमध्ये जायच्या पाच मिनिटं आधी डॅरिलने तिच्या दोन्ही मांड्यांना त्याचं मलम चोळलं. मी ते पाहिलं. "पुसून घे," असं म्हणायला हवं होतं. पण माझं संगीत सुरू झालं होतं.

मी तिला उलटी उचलली तेव्हाच माझे हात तिच्या मांड्यांवरून घसरायला लागले. दुसरी पकड घेण्याइतका वेळ होता की नव्हता, याचा विचार मी इतक्यांदा केला आहे की आता मला काहीच खरं आठवत नाही. मी खाली बसले. चार बोटं राहिली नाहीत. आवाज लहान झाला, एरवीच्या धडाक्यासारखा मुळीच नाही. सांद्रा उताणी कोलमडली, डोळे उघडे, आणि अगदी हळू म्हणाली, "मृणाल, मला माझा हात जाणवत नाही."

असं काही झालं तर काय करायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पंचाला खूण करायची, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे, सगळं थांबतं. मी डॅरिलकडे बघितलं. तो दोरांना धरून उभा होता, आमच्यापासून हातभर अंतरावर. त्याने तिचं वाक्य ऐकलं होतं, मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तो ओठ न हलवता म्हणाला, "पड तिच्यावर. संपव."

मी तिच्यावर पडले. माझी छाती तिच्या छातीवर, माझं सगळं वजन. तिचा श्वास माझ्या कानात शिट्टीसारखा येत होता. पंचाने एक, दोन, तीन मोजलं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी क्षणभर थांबले होते. मी थांबले नव्हते. मी उठले, आणि लोक फिसफिसत होते, आणि मी उजवा हात वर केला. जिंकल्यावर करायचा असतो तसा. मग डॅरिल माइक घेऊन रिंगमध्ये चढला आणि कोब्राच्या विषाबद्दल भाषण करायला लागला, आणि त्याच्या बुटांपासून दोन फुटांवर सांद्रा छताकडे बघत पडली होती. तिची आई खुर्च्या ढकलत पुढे आली तेव्हा लोकांना वाटलं तोही खेळच आहे. त्यांनी तिलाही टाळ्या दिल्या. नोटआर्त्स्ट, म्हणजे तातडीचा डॉक्टर, येईपर्यंत टाळ्या थांबल्या नव्हत्या.

मानेचे दोन मणके. जिवावरचं टळलं, पाय ठीक होते, उजव्या हाताचं सांगता येत नव्हतं. स्टुटगार्टच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दुसऱ्या दिवशी डॅरिल आधीच येऊन बसला होता. मला बघून तो उठला, मशीनमधून माझ्यासाठी कॉफी काढून आणली, आणि पिशवीतून घडी केलेला एक कागद बाहेर काढला. नव्या कार्यक्रमाचं पोस्टर, प्रिंट काढून आणलेलं. माझा फोटो, हात वर केलेला. वर जर्मनमध्ये ठळक अक्षरात, "जिने मान मोडली ती".

"पुढच्या महिन्यात मोठा हॉल घेतोय," तो म्हणाला. आवाजात खरीखुरी माया होती, ती मला सगळ्यात जास्त असह्य झाली. "रडू नकोस. हे वाईट वाटणं जातं. तुला कळत नाहीये तुझ्या हाती काय लागलंय. प्रत्येकाला एक बॉबी लागतो, पोरी. कित्येकांना आयुष्यभर मिळत नाही."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मलमाचा वास आला. मी कॉफीचा कप त्याच्या हातात परत दिला, टॉयलेटमध्ये गेले आणि ओकले. बाहेर आले तोवर तो नर्सशी हसतखिदळत होता.

सांद्राच्या गळ्याभोवती प्लास्टिकचा पट्टा होता आणि ती फक्त डोळे हलवू शकत होती. तिची आई कपडे आणायला घरी गेली होती. मी माफी मागायला सुरुवात केली तर तिने मला थांबवलं.

"ऐक. इन्शुरन्सवाले विचारतील. तू सांग की मी घसरले. मी काही बोलले नाही, कुणी काही ऐकलं नाही. नाहीतर नगरपालिका डॅरिलचा हॉल बंद करेल."

"सांद्रा, त्याने ऐकलं होतं."

"मला माहितीये त्याने ऐकलं होतं." तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत होतं आणि ते पुसायला तिचा हात उठत नव्हता. "पण हॉल बंद झाला तर मी परत कुठे जाऊ? उन्हाळ्यापर्यंत मी उभी राहीन. माझी परतीची कुस्ती तुझ्याशी. त्याने मला पोस्टर दाखवलंय. छान आहे."

मी टिश्यूने तिचे कान पुसले आणि काहीच वचन न देता बाहेर पडले.

दहा दिवसांनी उनफालबेरिश्टचा, म्हणजे अपघाताच्या जबाबाचा, फॉर्म आमच्या पत्त्यावर आला. घटना कशी घडली ते साक्षीदाराने स्वतःच्या शब्दांत लिहावं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन दुपारी बसून लिहिलं. मलम लिहिलं. घसरलेली पकड लिहिली. सांद्राचं वाक्य, डॅरिलचं वाक्य, मी तिच्यावर पडले ते. आणि शेवटी, मी हात वर केला ते. लिहिल्यावर कागद बाबांपुढे ठेवला, कारण माझं जर्मन तेव्हाही कच्चं होतं. घरी तोवर कुणालाच सगळं ठाऊक नव्हतं. बाबांनी वाचलं, मग आईला हळूहळू मराठीत सांगितलं. आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"अहो, ते शेवटचं कशाला?" ती म्हणाली. "अपघाताशी त्याचा काय संबंध? पोरगी घाबरली होती, झालं. खोडून टाका ते."

बाबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मला वाटलं ते आता मला म्हणतील, मी सांगितलं होतं तुला. त्यांनी पेन उचललं, त्या वाक्यातलं एक चुकलेलं आर्टिकल दुरुस्त केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तिने लिहिलंय ते राहू दे," एवढंच म्हणाले. आई पुन्हा मळायला लागली, खूप जोर लावून. मी ते पाकीट स्वतः पोस्टाच्या पिवळ्या पेटीत टाकलं.

महिन्याभरात हॉल बंद झाला. माझ्या जागी दुसऱ्या एका मुलीला तपकिरी रंग फासून, गंध लावून डॅरिलने दोन कार्यक्रम आधीच करून घेतले होते. बेकरीतल्या बाईला तीही मीच वाटले, ती माझ्या हातात ब्रेटझेल देताना फिस्स करायची. डॅरिल बायकोच्या माहेरी उत्तरेकडे गेला आणि तिथे पुन्हा शिकवायला लागला. काही वर्षांपूर्वी तो वारला. इंटरनेटवर त्याच्याबद्दल फार छान छान लिहून आलं. मोठ्या मनाचा, तरुणांना घडवणारा. मी ते सगळं वाचलं. एवढ्या वर्षांनी माणसाबद्दल मन मऊ होतं म्हणतात, म्हणून बसून वाट पाहिली. काही मऊ झालं नाही.

सांद्राशी माझं शेवटचं बोलणं जबाब पाठवल्यावर तीनेक आठवड्यांनी झालं. ती घरी आली होती. माझ्या जबाबाची प्रत तिच्या आईला मिळाली होती. फोन आईने घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तयारीत होते. हॉल बंद पाडलास, माझी परतीची कुस्ती घालवलीस, हे सगळं ती बोलणार आणि मी ऐकून घेणार, असं मी ठरवून ठेवलं होतं.

सांद्रा म्हणाली, "हाताचं खरं आहे का?"

"कुठल्या हाताचं?" मला वाटलं ती तिच्या हाताबद्दल विचारतेय.

"तुझ्या. शेवटी लिहिलंयस ते. मी वर दिव्यांकडे बघत होते, मान वळत नव्हती. मला वाटत होतं तू माझ्याजवळ बसली आहेस. इतके दिवस मला तसंच वाटत होतं."

स्वयंपाकघरात आईने कुकर शेगडीवरून बाजूला केला.

"खरं आहे," मी म्हटलं. "मी उभी होते. हात वर केला होता."

मग तिने फोन तिच्या आईकडे दिला असावा, कारण कुणीतरी दुसऱ्याच आवाजात मला "चुस", म्हणजे अच्छा, म्हणालं आणि ठेवून दिला.